रान कुणाचं, वाट कुणाची?

कामानिमित्त अमेरिकेत गेलेल्या आपल्या मित्रमंडळींचे फोटो बघितले तर त्यात काही गोष्टी हमखास असतात. नायगारा असतो, टाइम्स स्क्वेअर असतो, आणि बऱ्याचदा चार फुगीर चाकांचं एक धूडही असतं. त्यावर हेल्मेट घालून, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून आपला मित्र बसलेला असतो. एरवी सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी काढतानाही दोनदा हॉर्न वाजवणारा हा प्राणी इथे एकदम रानटी वगैरे दिसतो.

या धुडाला एटीव्ही म्हणतात, म्हणजे ऑल-टेरेन व्हेईकल. मोटरसायकलसारखं हँडल, तशीच सीट, आणि खाली चार जाड टायर. रस्ता नसला तरी चालणारी गाडी.

पण रस्ता नसला तरी जमीन असतेच ना? आणि ती कुणाची तरी असते. फोटोत न दिसणारा हा 'कुणीतरी' हा आजच्या लेखाचा नायक. गोष्ट मात्र थोडी लांबून सुरू करावी लागेल. वाटेत जपानी इंजिनिअर, जेम्स बाँड, एक चोरीला गेलेलं (की न गेलेलं?) डुक्कर आणि बरेच मुडदे लागतील. तेव्हा चहा घेऊन बसा.

हिवाळ्यात काय विकायचं?

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात होंडाच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांची एक साधी तक्रार होती. हिवाळ्यात मोटरसायकली खपत नाहीत. बर्फ पडला की दुकानात माशा मारत बसायचं. कंपनीने हा प्रश्न ओसामु ताकेउची या आपल्या इंजिनिअरच्या गळ्यात घातला. रिक्वायरमेंट काय, तर 'हिवाळ्यात खपेल असं काहीतरी बनवा'. (आपापल्या क्लायंटची आठवण झाली असेल तर तो योगायोग समजावा.)

ताकेउचीने कमीजास्त चाकं लावून बरेच प्रयोग केले आणि शेवटी तीन चाकांवर तो थांबला. खरी करामत टायरमध्ये होती. २२ इंच व्यासाचे, फुग्यासारखे, आत अगदी कमी हवा असलेले टायर. बर्फ, वाळू, चिखल, कशातही ते रुतायचे नाहीत, कारण वजन मोठ्या जागेवर पसरायचं. गाडीला सस्पेन्शन नव्हतंच. धक्के खायचं कामही टायरच करायचे. ८९ सीसीचं इंजिन, सात हॉर्सपॉवरची ताकद. १९७० साली ही गाडी 'यूएस ९०' या नावाने बाजारात आली, किंमत ५९५ डॉलर. पुढे तिचं नाव 'एटीसी ९०' झालं. १९७१ च्या 'डायमंड्स आर फॉरएव्हर' मध्ये शॉन कॉनरीने बाँडच्या थाटात ती पळवली आणि तिला आपोआप ग्लॅमर आलं.

आधी हे खेळणंच होतं. पण शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की कुंपण तपासायला, गुरांना चारा टाकायला, ट्रॅक्टर जात नाही तिथे जायला हे खेळणं फार कामाचं आहे. १९८२ मध्ये होंडाने खास कामासाठी 'बिग रेड' आणली. त्याच सुमारास सुझुकीने चार चाकांची 'क्वाडरनर' काढली, आणि आज आपण बघतो तो एटीव्हीचा आकार तिथून रूढ झाला.

याच काळात अपघातांचे आकडेही वाढत गेले. ही गाडी दिसते सोपी, पण वळवायला अवघड. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली, त्यामुळे वळताना दोन्ही सारखीच फिरतात. चालवणाऱ्याने शरीराचं वजन टाकून गाडी वळवावी लागते. त्यात पुढे एकच चाक असेल तर उलटायला किती वेळ लागणार? शेकडो माणसं मेली आणि त्यात सोळा वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण मोठं होतं. शेवटी सरकार कोर्टात गेलं आणि १९८८ मध्ये कंपन्यांशी तडजोडीचा हुकूमनामा झाला. नव्या तीनचाकींची विक्री बंद, नव्या ग्राहकांना फुकट प्रशिक्षण, मोठ्या इंजिनाच्या गाड्या सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी विकायच्या नाहीत, असं बरंच काही त्यात होतं. त्याची दहा वर्षांची मुदत १९९८ मध्ये संपली. २००८ मध्ये अमेरिकी संसदेने कायदाच करून नव्या तीनचाकी एटीव्हींची विक्री बंद केली.

ही झाली चालवणाऱ्याची काळजी. म्हणजे हेल्मेट घाला, दारू पिऊन चालवू नका, एकट्याच्या सीटवर दोघं बसू नका. पण ज्याच्या जमिनीवरून तुम्ही जाताय त्याची काळजी कुणी करायची?

मालकाचं दुखणं

माणूस चालत जातो तेव्हा त्याच्या पावलाची खूण दोन पावसात पुसली जाते. तीनशे किलोची गाडी उतारावरून चार वेळा गेली की तिथे चर पडतो. पुढच्या पावसाचं पाणी त्या चरातूनच धावतं, माती घेऊन खाली ओढ्यात जातं, आणि वर्षभरात त्या चराची घळ होते. शिवाय कुणीतरी फाटक उघडं टाकतं, गुरं बाहेर पडतात. कुणीतरी बाटल्या टाकतं.

स्वीडनचं उदाहरण इथे बघण्यासारखं आहे. तिथे कुणाच्याही रानातून पायी हिंडायचा, बेरी तोडायचा, एखादी रात्र तंबू ठोकायचा हक्क सगळ्यांना परंपरेनेच आहे. पण त्याच स्वीडनने १९७५ साली कायदा करून रस्ता सोडून उघड्या जमिनीवर मौजेखातर मोटर गाडी चालवायला देशभर बंदी घातली. पाय वेगळे आणि चाकं वेगळी, हे त्यांनी सरळ लिहून टाकलं.

अमेरिकेत मालकाला या सगळ्याहून मोठी एक भीती असते, ती म्हणजे खटला. समजा तुम्ही दिलदारपणे म्हणालात, 'या बाबांनो, खुशाल चालवा माझ्या रानात.' आणि त्यातला एक बाबा तुमच्याच खड्ड्यात पडून पाय मोडून बसला तर तो, किंवा त्याची विमा कंपनी, तुम्हालाच कोर्टात खेचू शकते. मग शहाणा मालक काय करेल? फाटकाला कुलूप लावेल आणि 'प्रवेश बंद' ची पाटी ठोकेल.

हे कुलूप उघडावं म्हणून १९६५ साली तिथे राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार झाला आणि बहुतेक राज्यांनी तो कमीअधिक फरकाने घेतला. त्याचं सार असं, की मालकाने पैसे न घेता लोकांना आपल्या जमिनीवर मौजमजेसाठी येऊ दिलं तर अपघाताची जबाबदारी (जाणूनबुजून इजा केली नसेल तर) त्याच्यावर नाही. पण पैसे घेतले की हे संरक्षण गेलं.

यातली मेख लक्षात आली का? वाटांची देखभाल करायची, पाट्या लावायच्या, कचरा उचलायचा, चर बुजवायचे, तर पैसे लागणार. आणि पैसे घेतले की कवच जाणार. या डेडलॉकमधून बाहेर कसं पडायचं याचं उत्तर वेस्ट व्हर्जिनियाने शोधलं. तेही अशा मुलखात, ज्याचं नाव काढलं की अमेरिकेत लोकांना जमिनीपायी आणि इभ्रतीपायी झालेले खूनच आठवतात. आता तिकडे जाऊ.

डुकराचा कान

वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकी या दोन राज्यांच्या मधून टग फोर्क नावाची नदी वाहते. दोन्ही बाजूंना डोंगर, दाट जंगल आणि अरुंद खोरी. या नदीच्या अलीकडे-पलीकडे एकोणिसाव्या शतकात दोन घराणी राहायची. वेस्ट व्हर्जिनियाच्या बाजूला बहुतेक हॅटफील्ड, केंटकीच्या बाजूला बहुतेक मकॉय. हॅटफील्डांचा म्होरक्या विल्यम अँडरसन हॅटफील्ड, ऊर्फ 'डेव्हिल ॲन्स'. मकॉयांचा रँडॉल्फ मकॉय.

त्या काळी त्या डोंगरात एक रिवाज होता. कुंपण घालायचं ते पिकाला. बाकीचं रान, कागदावर कुणाचंही असो, वापराला सगळ्यांचं. डुकरं रानात मोकळी सोडायची, शिकार करायची, औषधी मुळ्या खणायच्या. कुणाचं डुक्कर कुणाचं हे कळावं म्हणून प्रत्येक घर आपल्या डुकरांच्या कानाला ठरावीक खाच पाडायचं. कानाची खाच हाच सातबारा म्हणा ना.

१८७८ साली रँडॉल्फ मकॉयने दावा केला की फ्लॉइड हॅटफील्डच्या गोठ्यात असलेलं डुक्कर आपलं आहे. खटला उभा राहिला. सांगतात की ज्युरीत सहा हॅटफील्ड आणि सहा मकॉय होते, आणि एका मकॉयनेच फ्लॉइडच्या बाजूने मत दिलं. रँडॉल्फ हरला. ज्याच्या साक्षीने हरला तो बिल स्टेटन १८८० मध्ये मकॉयांच्या हातून मेला. १८८२ मध्ये निवडणुकीच्या दिवशी डेव्हिल ॲन्सचा भाऊ एलिसन याला रँडॉल्फच्या तीन मुलांनी भोसकलं. एलिसन गेल्यावर हॅटफील्डांनी त्या तिघांना झुडपांना बांधून गोळ्या घातल्या. १८८८ च्या नववर्षाच्या रात्री मकॉयांचं घर पेटवलं, दोन माणसं मारली. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १८९० मध्ये एकाला फाशी झाली.

वर्तमानपत्रांनी याचं 'रानटी डोंगरी लोकांचं वैर' असं रसभरीत वर्णन केलं, आणि तीच प्रतिमा सिनेमा-कार्टूनमधून पुढे चालत राहिली. पण अल्टिना वॉलर या इतिहासकार बाईंनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात कागदपत्रं तपासून वेगळी बाजू मांडली. त्यांचं म्हणणं, या वैराकडे त्या खोऱ्यात होत असलेल्या आर्थिक उलथापालथीतून बघायला हवं. डुकराच्या आधी एक जमिनीचा खटला आहे. डेव्हिल ॲन्सने पेरी क्लाइन या मकॉयांच्या नातलगावर, आपल्या हद्दीतली झाडं तोडली म्हणून दावा ठोकला होता. १८७७ मध्ये तडजोडीत क्लाइनची ५,००० एकर जंगलजमीन डेव्हिल ॲन्सला मिळाली. हाच क्लाइन पुढे केंटकीत वकील झाला आणि १८८७ मध्ये हॅटफील्डांवरचे धूळ खात पडलेले जुने खटले त्याने उकरून काढले.

म्हणजे मुळाशी गेलं तर आपल्या ओळखीचंच प्रकरण. बांध कुणी कोरला, झाड कुणाच्या हद्दीत.. आपल्याकडे दोन भावांत जे होतं तेच.

मग कंपन्या आल्या

पण गंमत अशी की दोन्ही घराणी भांडत राहिली आणि जमीन तिसऱ्याच्याच घशात गेली. डोंगराखाली कोळसा होता. १८९२ मध्ये नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे या खोऱ्यातून आरपार गेली. रेल्वेच्या आधी आणि नंतर बाहेरच्या कंपन्यांचे एजंट गावोगाव हिंडून जमिनी घेत होते. कुठे पूर्ण जमीन, कुठे फक्त 'खालचं खनिज'. वरची जमीन तुझी, खालचा कोळसा आमचा, आणि तो काढायला लागेल ते करायची मुभाही आमची. अक्षरओळख बेताची असलेल्या लोकांनी अशा कागदांवर सह्या केल्या. (आपण 'आय ॲग्री' वर न वाचता क्लिक करतो, तेव्हा त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.) डेव्हिल ॲन्सनेही १८८८ मध्ये ती वादातली जमीन विकली आणि तो आत डोंगरात जाऊन राहिला.

पुढच्या पन्नास वर्षांत या भागातली माणसं कंपनीच्या खाणीत कामाला, कंपनीच्या घरात राहायला आणि कंपनीच्या दुकानात उधारीला, अशी झाली. घर कंपनीचं म्हणजे युनियनचं नाव काढलं की घराबाहेर. मे १९२० मध्ये मेटवन गावात खाजगी डिटेक्टिव्ह खाणकामगारांची बिऱ्हाडं रस्त्यावर काढायला आले. त्यांना गावचा पोलीस प्रमुख सिड हॅटफील्ड (हो, तोही हॅटफील्डच) आडवा गेला, गोळीबार झाला आणि दहा माणसं मेली. पुढच्या वर्षी हजारो सशस्त्र खाणकामगार ब्लेअर माउंटनवर लढले.

मग यंत्रं आली, माणसं कमी लागू लागली, खाणी बंद पडत गेल्या. मॅकडॉवेल काउंटीची लोकसंख्या १९५० मध्ये ९८,८८७ होती. २०२० मध्ये ती १९,१११ भरली. दर पाच माणसांमागे चार गायब! माणसं गेली, जमीन मात्र कंपन्यांकडेच राहिली. १९८१ मध्ये ॲपलाचियन भागातल्या सहा राज्यांच्या ८० काउंट्यांचा जमीन मालकीचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात दिसलं ते हेच, की जमिनीचा आणि खनिजांचा फार मोठा वाटा बाहेर बसलेल्या मालकांच्या आणि कंपन्यांच्या हातात आहे.

कुलपाची किल्ली

आता हे चित्र डोळ्यासमोर आणा. लाखो एकर डोंगर, खाणींसाठी आणि लाकडासाठी काढलेले हजारो मैलांचे कच्चे रस्ते, मालक दूर कुठेतरी ऑफिसात, आणि गावात हाताला काम नसलेली माणसं. त्यात १९८० नंतर एटीव्ही घरोघरी आली. लोक कंपनीच्या रानात गाड्या घेऊन शिरणार नाहीत तर काय करतील? आजोबांनी तिथेच डुकरं चारली होती, बापाने तिथेच शिकार केली होती.

पण ते रान आता आजोबांचं रान राहिलं नव्हतं. खाणकामाने डोंगर कापून ठेवलेले पन्नास-साठ फुटांचे सरळ कडे, झाडीत लपलेली जुन्या खाणींची तोंडं, गॅसच्या विहिरी आणि पाइपलाइन. एक वळण चुकलं की कपाळमोक्ष. मालकाला परवानगी द्यायची भीती, आणि अडवायला इतका पहारा ठेवणार कोण? परवानगीही नाही आणि बंदीही नाही अशा या मधल्या अवस्थेत अपघात झाला तर कुणालाच काही माहीत नसायचं.

यावर १९९६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा करून एक प्राधिकरण स्थापन केलं: हॅटफील्ड-मकॉय रीजनल रिक्रिएशन ऑथॉरिटी. नाव बघा! ज्या दोन आडनावांनी जमिनीवरून भांडायचा जागतिक विक्रम केला, तीच दोन नावं दुसऱ्याच्या जमिनीवरून परवानगीने जायच्या योजनेला दिली. मार्केटिंगवाल्यांना दाद द्यायला हवी. :-)

योजनेचा गाभा साधा आहे. प्राधिकरण जमीन विकत घेत नाही, सक्तीने संपादनही करत नाही. ते मालकाशी परवान्याचा करार करतं. मालकी मालकाकडेच राहते. त्याला लाकूड तोडायचं असेल, खाण पुन्हा सुरू करायची असेल, तर तेवढी वाट बंद होते किंवा दुसरीकडून वळवली जाते. गाडीवाल्याने प्राधिकरणाकडून परमिट विकत घ्यायचं, आणि त्या पैशातून वाटांची निगा, नकाशे, पाट्या आणि देखरेख करणारी माणसं. आणि मुख्य म्हणजे कायद्यातच लिहून ठेवलं की पैसे घेतले असोत वा नसोत, मुद्दाम इजा केल्याशिवाय मालकावर अपघाताची जबाबदारी येणार नाही. १९६५ च्या नमुना कायद्यातला डेडलॉक या एका वाक्याने सुटला.

बदल्यात गाडीवाल्यांवर बंधनं आली. हेल्मेट प्रत्येकाला, वय काहीही असो. एका माणसाच्या गाडीवर दोघं नाहीत. दारू नाही. आखलेली वाट सोडायची नाही. हे नियम मोडले तर तो नुसता असभ्यपणा नाही, कायद्याने गुन्हा आहे. लक्षात घ्या, उरलेल्या राज्यात एटीव्हीच्या सुरक्षेचा कायदा यायला २००४ उजाडलं, आणि त्यातही हेल्मेटची सक्ती अठरा वर्षांखालच्यांनाच. म्हणजे सरकारला सार्वजनिकरीत्या जे जमलं नाही ते खाजगी जमिनीच्या परवानगीने आधीच करून दाखवलं.

ऑक्टोबर २००० मध्ये पहिल्या वाटा खुल्या झाल्या, सुमारे ३०० मैलांच्या. आज त्या हजार मैलांच्या वर आहेत. एका भागाचं नावच 'डेव्हिल ॲन्स' आहे आणि तो मेटवन गावापाशी आहे. हल्लीच्या काळात वर्षाला पन्नास हजारांच्या वर परमिटं विकली जातात, घेणारे बहुतेक बाहेरच्या राज्यांतले. मेटवन, गिल्बर्टसारख्या गावांत चिखलाने बरबटलेल्या गाड्या थेट हॉटेलच्या दारापर्यंत जाऊ शकतात. जिथे दुकानांची शटर पडली होती तिथे लोकांनी खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली.

पण..

सगळं गोड आहे असं म्हणून लेख संपवता आला असता. पण एक काटा राहतोच. ज्यांच्या खापरपणजोबांनी ती जमीन कवडीमोलाने गमावली, त्यांचेच वारस आता त्याच डोंगरात फिरायला परमिट घेतात. राज्यातल्या रहिवाशांना ते स्वस्त आहे, पण फुकट नाही. ज्या कंपन्यांनी कोळसा नेला आणि कडे मागे ठेवले, त्यांनाच कायद्याने जबाबदारीतून मोकळं केलं. 'मालकाचा आदर करा' हे वाक्य अशा ठिकाणी जरा घशात अडकतं. कुठला मालक? कधीपासूनचा?

मला वाटतं हा प्रश्न खरा आहे, आणि एटीव्हीच्या वाटेने तो सुटणार नाही. तो जमीनसुधारणेचा, करांचा, राजकारणाचा प्रश्न आहे. पण न विचारता गाडी घालणं हेही त्याचं उत्तर नाही. कुंपण तोडून जाणाऱ्या गाडीवाल्याचा राग कंपनीच्या दूरच्या ऑफिसापर्यंत पोचत नाही. वाहून गेलेली माती खालच्या ओढ्यात जाते, आणि त्या ओढ्याकाठी कंपनी राहत नाही, गाव राहतं. दरीत पडलेल्याला रात्री बॅटऱ्या घेऊन शोधायला जातात ते गावातलेच स्वयंसेवक.

शिवाय परवानगीचा एक कायदेशीर पैलू आहे, जो आपल्या लोकांना सहसा माहीत नसतो. आपल्याकडे १८८२ चा सुखाधिकार कायदा आहे. एखादी वाट वीस वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्काने वापरली तर वापरणाऱ्याला वहिवाटीचा हक्क मिळू शकतो. अमेरिकेतही मुदतीच्या फरकाने असंच तत्त्व आहे. म्हणून मालक घाबरतो, 'आज जाऊ दिलं तर उद्या हक्क सांगतील.' पण दोन्हीकडे नियम असा, की परवानगीने केलेल्या वापरातून असा हक्क तयार होत नाही. म्हणजे जो विचारून जातो तो मालकाची मालकी उलट पक्की करतो! विचारण्याने मालकाचा काही तोटा नाही, झाला तर फायदाच. हे एकदा समजलं की शेतकऱ्याशी बोलणं किती सोपं होतं बघा.

आता आपल्याकडे वळायचं तर आपल्याकडेही वीकेंडला फोर-बाय-फोर घेऊन निघणाऱ्यांची, मोटरसायकली डोंगरात घालणाऱ्यांची संख्या वाढली आहे. आपल्याकडे जमीन कंपन्यांच्या लाख एकरी तुकड्यांत नाही, गुंठ्या-गुंठ्यांत आहे. जो उघडा माळ वाटतो तो कुणाचं तरी गवताचं रान असतं, गावाचं गायरान असतं नाहीतर वनखात्याचं असतं. जूनमध्ये जो 'मस्त चिखल' दिसतो त्यात चार दिवसांनी भाताची रोपं लागणार असतात. तिथे करार करणारं प्राधिकरण नाही. आहे तो बांधावर बसलेला एक माणूस, आणि त्याला विचारायला भाषेचीही अडचण नाही.

'काका, इथून गाडी नेली तर चालेल का? कुठून गेलेलं बरं?' एवढं विचारायला इंजिन बंद करावं लागतं, हेल्मेट काढावं लागतं आणि गाडीवरून खाली उतरावं लागतं. काका नाही म्हणाले तर मागे फिरावं लागतं, हेही आलंच. हो म्हणाले तर ते सांगतील त्या कडेने जायचं, फाटक जसं होतं तसं पुन्हा लावायचं, पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी जायचंच नाही, आणि परत येताना दोन शब्द बोलून निघायचं. पुढच्या खेपेला बहुतेक चहा मिळतो.

पेरी क्लाइन आणि डेव्हिल ॲन्स यांच्या वेळी असा करार लिहून देणारं कुणी नव्हतं, आणि विचारायची रीत तर त्याहून नव्हती. त्या दोघांची ५,००० एकर शेवटी ना याच्याकडे राहिली ना त्याच्याकडे. शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच खोऱ्यात लोक रांगेत उभे राहून, पैसे देऊन, दुसऱ्याच्या रानातून जायची परवानगी घेतात, आणि कुणालाही त्यात अपमान वाटत नाही.

असो. तुमच्यापैकी कुणी तिकडे असाल आणि जाणार असाल, तर आधी प्रशिक्षण घ्या आणि हेल्मेटचा पट्टा नीट आवळा. आणि इकडे असाल तर येत्या शनिवारी माळावर चाकं घालण्याआधी आजूबाजूला बघा, बांधावर कुणी बसलंय का.